एकवीस काड्यांची माळ

“आज काय झालं गं हिला?” दादा माझ्या डोक्यावरची माळ दोन बोटांनी चाचपत म्हणाले. “वाढायचं सोडून आखडाया लागली.”

मी चुलीपुढे पाटावर बसले होते. माळ कपाळावर चांगलीच रुतत होती, आणि का रुतत होती ते मला पक्कं ठाऊक होतं. मी खाली बघून म्हटलं, “माझंच डोकं सुजलं असंल.”

“डोकं एवढं असतं तर सातवीच्या गणितात दिसलं असतं,” दादा म्हणाले, आणि टोपी घालून शाळेला निघून गेले.

दादा म्हणजे माझे वडील, भिवाजी. गावच्या शाळेत शिपाई होते. शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. त्याच्यावर दादा दर तासाला टोल द्यायचे, आणि अख्खं गाव त्या टोलावर चालायचं. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते काविळीच्या माळेसाठी. घेटुळीच्या, म्हणजे बांधावर उगवणाऱ्या पुनर्नवेच्या, ताज्या, हिरव्या काड्या घ्यायच्या, बोटाच्या पेराएवढ्या तोडायच्या, आणि अशा एकवीस काड्या कच्च्या सुताच्या गाठींत एकेक करून अडकवायच्या. माळ आधी टाळूवर टोपीसारखी बसते. मग दिवसागणिक ती आपोआप वाढते, कपाळावरून कानांवर येते, गळ्यात उतरते, पोटापर्यंत जाते, आणि एक दिवस एवढी मोठी होते की माणूस तिच्यातून पाय काढून बाहेर येतो. माळ पायांतून निघाली की कावीळ उतरली. तोवर मीठ, तेल, हळद बंद, आणि घराबाहेर पडायचं नाही. माळेला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही आणि देणाऱ्यानं काही घ्यायचं नाही. दादा लोकांना आधी डॉक्टरकडे धाडायचे आणि मगच माळ घालायचे. एकदा मी विचारलं होतं की माळेत असं आहे तरी काय. तर म्हणाले, “काय नाय. माणूस नुसतं पड म्हटलं तर पडत नाय. डोक्यावर माळ असली की गुमान पडतो.”

मला कावीळ झाली त्या वर्षी आमच्या सासरच्या गल्लीत निम्म्या घरांत कावीळ होती. पाणीच तसं आलं होतं. माझे डोळे पिवळे झाले, अन्नाचा वास नको झाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या की हिचा बापच माळ देतो तर हिला इथं कशाला ठेवायची. आत्याबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, वाईट बाई नव्हत्या. औषध डॉक्टरचं घ्यायचं आणि गुण माळेचा मानायचा असा त्यांचा हिशेब होता. मला एस.टी.त बसवताना त्यांनी बजावलं, “माळ पायांतून निघाली की चिठ्ठी टाक. त्याच्या आधी न्यायला कोणी येणार नाही.”

गाडी घाटाला लागेपर्यंत माझ्या ध्यानात आलं होतं की आता मी सासरी कधी जायचं ते कॅलेंडर ठरवणार नाही, माळ ठरवणार. आणि मला परत जायचं नव्हतं. चार महिने नाही, चार दिवससुद्धा नाही. मला तिथं कोणी मारत नव्हतं की उपाशी ठेवत नव्हतं. माझे मालक मुरलीधर हायस्कूलात चित्रकला शिकवायचे. माणूस निर्व्यसनी आणि आवाजानं मऊ. मग माझं अडलं होतं कुठं? ते मी तेव्हा माझं मलाही सांगत नव्हते.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात दादा एकटे. त्यांनी माझ्याबरोबर स्वतःचंही मीठ बंद केलं. मी नको म्हटलं तर म्हणाले की दोन भाज्या करायचा कंटाळा येतो. मिठाची बरणी फळीवर मागे सरकवून ठेवली होती. सकाळी पेज, मुळ्याचा पाला, ताक, उसाचा रस मिळाला तर रस. अकराला ते शाळेत जायचे आणि मी ओसरीवर पडून टोल ऐकत राहायची. पहिला तास, दुसरा तास, मधली सुट्टी. मधल्या सुट्टीचा टोल लांबवत वाजवायची त्यांची एक लकब होती. शेवटचा ठोका ते जरा थांबून द्यायचे. सासरी दीड वर्ष मी त्या शेवटच्या ठोक्याची वाट बघत होते असं मला तिथं पडल्या पडल्या कळलं. सासरच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं, पण त्यात किती वाजले ते बघायची मला कधी इच्छा झाली नव्हती.

माळ घातल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी पहिली चोरी केली. मधल्या सुट्टीचा टोल झाला, म्हणजे दादा अजून अडीच तास येत नाहीत. मी माळ उतरवली, शेवटची गाठ सोडली, एक काडी काढली, मोकळा झालेला दोरा आत ओढून पुन्हा गाठ मारली आणि उरलेलं सूत दातानं तोडलं. काडी मिठाच्या बरणीमागे टाकली, कारण तिथं आता कोणी हात घालणार नव्हतं. दोन दिवसांनी दुसरी. मग तिसरी. भीती एकच, माळ उतरेल. आणि माळ काही उतरली नाही. उलट ती इतकी घट्ट झाली की डोकं ठणकायला लागलं. तेव्हा मी घाबरून चोरी बंद केली. आपण जरा जास्तच हात मारला असं मला वाटलं. पुढचा विचार करायची अक्कल विसाव्या वर्षी नसते.

तिसऱ्या आठवड्यात दादा मला तालुक्याला शेटे डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळे बघितले, पोट दाबून बघितलं, रक्त तपासायला दिलं. दोन तासांनी कागद आला. तो बघून डॉक्टर म्हणाले की रक्त जवळजवळ साफ आहे, लिव्हर आपलं काम करायला लागलंय.

“पण माळ हलंना,” दादा म्हणाले.

डॉक्टरांना दादांची माळ माहीत होती. ते हसले. मग त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि त्यांचं हसू गेलं.

“भिवाजी, माळेचं तुम्ही बघा. मी हिचा चेहरा बघतोय. कावीळ माणसाचं मनही पाडते. रक्त सुधारतं आणि मन महिना-महिना मागं राहतं. आणि मनात आधीपासून काही असेल तर मग विचारूच नका, माणूस लवकर उभा राहत नाही. हिला खायला घाला. आणि काही बोलायचं असेल तर बोलू द्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बोलायचं आहे का काही?”

मी मान हलवली, नाही म्हणून. परतीच्या गाडीत दादा खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आलो तर उंबऱ्याशी पत्र पडलेलं होतं. मुरलीधरांचं. अक्षर सुंदर, मजकूर चार ओळींचा. प्रकृती सुधारत असेल अशी आशा आहे. आई म्हणते की तुझ्या दादांनी माळेचं कळवावं. मी येत्या रविवारी येऊन जाईन.

मी पत्र घडी करून ठेवलं आणि पेज ढवळायला लागले. पेज करपली. दादांनी पातेलं उतरवलं, माझ्या हातातली पळी घेतली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. बाहेर अजून ऊन होतं.

“तुझी आई गेली ना,” ते म्हणाले, “तवा म्या रडलो नव्हतो. तू न्हाती-धुती झालेली, तुझ्याम्होरं कसं रडायचं. लोक म्हनायचे भिवाजी खंबीर हाय. सहा महिन्यांनी मला कावीळ झाली.”

मला ते ठाऊक नव्हतं. मी तेव्हा मावशीकडे शिकायला होते.

“एक दिवस शाळंत दुपारी एक वाजता मी सुट्टीचा टोल दिला. पाचचा. पोरं पाटी-दप्तर घेऊन घरी पळाली. गुरुजी माझ्याकडं बघत ऱ्हायले. त्यांनी रागं भरलं नाय. म्हनाले, भिवाजी, घरी जा आन रडून घे. मग गेलो. तीन दिवस रडलो. शेजारच्या गावच्या एका म्हातारीनं माळ घातलेली, ती चवथ्या दिवशी पायातनं निघाली. तिच्याकडनंच म्या शिकलो.” त्यांनी पळी खाली ठेवली. “जे गिळलेलं असतं ना गिरजे, ते पोटात कुठंतरी बसतं. जात नाय.”

मला काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कदाचित काही नाही म्हटलं असतं. ते नुसते बसून राहिले, आणि मी सांगायला लागले.

कावीळ व्हायच्या आधी दोन महिने माझं मूल गेलं होतं. तिसरा महिना चालू होता. माहेरी अजून कळवलंही नव्हतं. आत्याबाईंनी मला नर्सबाईंकडे नेलं, रिक्षात मांडीवर डोकं घेतलं, घरी आल्यावर शिरा करून घातला. आणि मग म्हणाल्या, होतं असं, पहिलं जातं पुष्कळींचं, आता याची चर्चा नको, माहेरी तर सांगूच नको, तुझा बाप एकटा माणूस, उगाच जिवाला लावून घेईल. चारचौघांत डोळे पुसत बसू नको, पुढचं राहील. सगळं प्रेमानंच. तिसऱ्या दिवसापासून मी पोळ्या लाटायला लागले. मुरलीधर घरात होते, पण त्या दिवसापासून ते माझ्याकडे बघायचे टाळायला लागले. रात्रंदिवस शाळेच्या प्रदर्शनाची चित्रं करत बसायचे. मी रडले नाही. मी इतकी शहाणी सून झाले की मला माझाच आवाज ऐकू येईना.

हे सगळं मी दादांना पातेल्याकडे बघत सांगितलं. संपलं तेव्हा मला वाटलं, आता तेही म्हणतील, होतं असं.

दादा म्हणाले, “पोरगी व्हती का पोरगा?”

मला एवढं कोणी विचारलं नव्हतं. “म्हाईत नाय, दादा.”

“नाव ठिवलं व्हतंस?”

ठेवलं होतं. हे मी आजवर फक्त त्यांनाच सांगितलं आणि नंतर आणखी एका माणसाला. भांडी घासताना मनातल्या मनात मी ते नाव घेऊन हाक मारायची. “रेवती,” मी म्हटलं.

“रेवती,” दादा म्हणाले. मग पुन्हा एकदा, जरा हळू. गावच्या शाळेच्या हजेरीतल्या एखाद्या पोरीचं नाव असावं तसं सहज ते त्यांनी घेतलं, आणि माझा बांध फुटला. मी किती वेळ रडले ते मला माहीत नाही. दादाही रडले. ते माझ्यासमोर रडत नाहीत हा नियम त्या दिवशी संपला. नंतर दोघांनी ती करपलेली पेज खाल्ली, आणि कावीळ झाल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागलेली होती.

सकाळी दादा लवकर उठून शेताच्या बांधावर गेले. हातात ओली, हिरवी घेटुळी घेऊन आले. अंगणात माझ्यासमोर बसून त्यांनी नवी माळ बांधली. आधीची माळ त्यांनी आत बसून, पाठमोरे होऊन, खुंटीला टांगलेल्या जुडीतून काड्या घेऊन बांधली होती. हे मी तेव्हा बघितलं होतं, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

“जुनी का काढली?” मी विचारलं.

“आखडली ना,” ते म्हणाले.

मी या माळेला हात लावला नाही. चोरी करावीशीच वाटली नाही. गुरुवारी ती कानांवर आली, शुक्रवारी गळ्यात, शनिवारी संध्याकाळी कमरेच्याही खाली. रविवारी सकाळी अंगणात मी तिच्यातून एकेक पाय बाहेर काढला. दादांनी ती विहिरीशेजारच्या झाडाला टांगली, नेहमीसारखी. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. पाय फक्त हलके वाटले.

दुपारच्या गाडीनं मुरलीधर आले. खालमानेनं जेवले. दादांनी त्या दिवशी मिठाची बरणी काढली आणि आमटीत मीठ घातलं. एस.टी.च्या थांब्यावर जाताना मी मागे राहिले होते, ते दोघं पुढे. दादा त्यांना काहीतरी म्हणाले. मला शेवटचंच ऐकू आलं, “जावईबापू, तिला नाव विचारा.”

गाडी यायला वेळ होता. दादा माझ्याजवळ आले आणि टोपी नीट करत, कुठंतरी लांब बघत म्हणाले, “मिठाच्या बरनीमागं तीन काड्या घावल्या.”

माझे कान तापले.

“चोरायच्या तर चोर,” ते म्हणाले. “पन गाठ उलटी मारतीस. लहानपनापासनं उलटी मारतीस. लुगड्याच्या गाठोड्याचीबी.”

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मला हसू आलं, आणि गाडी आली. घाट उतरल्यावर मुरलीधरांनी विचारलं, “नाव काय होतं?” मी सांगितलं. त्यांनी खिडकीच्या काचेला डोकं टेकलं. तसेच बसून म्हणाले, “मी रोज तिचंच चित्र काढायचो. चेहरा जमत नव्हता. मला कोणी विचारलंच नाही, गिरजा.” पुढं आमचं बरं चाललं. दोन मुलगे झाले, आत्याबाई त्यांच्या वेळेला गेल्या, आणि दादाही, निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी. त्यांच्या माळेची माझी आठवण म्हणजे इतकी वर्षं एवढीच होती, की मी तीन काड्या चोरून बापाकडं थोडे दिवस जास्त राहिले आणि बापानं ते मनावर घेतलं नाही.

गेल्या चैत्रात माझ्या धाकट्या सुनेला, प्राचीला, कावीळ झाली. दवाखाना, सलाइन, पथ्य सगळं झालं. रिपोर्ट चांगले आले. पण पोर बोलेना. खिडकीशी बसायची ती बसायची. एक दिवस आपण होऊन म्हणाली, “आई, ती तुमच्या दादांची माळ बांधा ना मला.” थट्टेत म्हणाली असावी, पण ती थट्टा करतेय याचंच मला बरं वाटलं. चैत्रात हिरवी घेटुळी कुठली मिळायला. गावाहून आणून ठेवलेली एक वाळकी जुडी माझ्याकडे होती, काढ्यासाठी. मी तिच्याच एकवीस काड्या बांधल्या.

पाच दिवस झाले तरी माळ तसूभर वाढली नाही. मला वाटलं माझ्या हाताला गुण नाही. सहाव्या दिवशी प्राची झोपली असताना मी चष्मा लावून माळ नीट बघितली. आणि मला कळलं. काडी हिरवी असते तेव्हा ती गाठीत वाळते, वाळली की बारीक होते, बारीक झाली की गाठ सैल होते आणि माळ वाढते. आधीच वाळलेली काडी आणखी काय वाळणार? ती माळ महिनाभर डोक्यावर ठेवली तरी उतरायची नाही.

मी तिथंच खुर्चीत बसले. खुंटीवरची ती जुडी मला दिसली, आणि दादांची पाठ. चाळीस वर्षं मला वाटत होतं की माळ मी अडवून धरली होती. मी एकही काडी काढली नसती तरी ती तिथंच राहिली असती. वाढ मुळातच नाही आणि वर तीन काड्या कमी, म्हणून तर ती आखडली. मी परत जायच्या अवस्थेत नाही हे त्यांना मी गाडीतून उतरताच दिसलं होतं, आणि आत्याबाईंना, जावयाला, डॉक्टरला, कोणालाही न दुखावता मला ठेवून घ्यायचा त्यांच्या हातात एवढा एकच उपाय होता. आयुष्यभर कुणाच्या माळेत खोट न करणाऱ्या माणसानं तो केला. मी तीन काड्या चोरल्या होत्या. दादांनी एकवीसच्या एकवीस.

आणि विचारायला आता ते नव्हते. एकदा, फक्त एकदा, त्यांच्यासमोर पाटावर बसून म्हणावंसं वाटलं, दादा, तुमचीही चोरी सापडली.

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा मी त्याला सांगितलं की प्राचीला उद्या तिच्या माहेरी पोचव.

“पण रिपोर्ट तर नॉर्मल आहेत,” तो म्हणाला.

“माळ उतरली नाही अजून.”

“आई, तू पण ना. बरं, आणायला कधी जाऊ?”

“पायांतून निघाली की.”

“आणि ती कधी निघणार?”

प्राची दारात उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं. “ते हिला कळेल,” मी म्हटलं.

सकाळी तिची बॅग भरताना मी कपड्यांच्या घडीत वाळक्या काड्यांची उरलेली जुडी ठेवली. तिच्या आईला फोन करून या काड्यांचं सगळं सांगणार होते. गाडी गेल्यावर घरात कोणी नव्हतं. मी ओसरीसारख्या आमच्या बाल्कनीत बसून राहिले. बारा वाजले असतील. त्या वेळी पहिला तास संपायचा. टोल पडणार नाही हे माहीत असूनही मी बराच वेळ ऐकत होते.